थायलंडवासी आप्तांसाठी : कागद, पैसा आणि आडवेळ

आपल्या सभासदांच्या घरांतून एके काळी मुले पुण्या-मुंबईस जात, पुढे ती अमेरिकेस जाऊ लागली. अलीकडे बँकॉक, चोनबुरी, रयोंग ही नावेही आपल्या बैठकांतून ऐकू येतात. मोटारींच्या कारखान्यांचा तो पूर्व किनारा आपल्या अभियंत्यांना सामावून घेतो, आणि बँकॉक मुंबईपासून विमानाने अवघ्या साडेचार तासांवर असल्याने ‘जवळच तर आहे’ असे आपण सहज म्हणतो. या जवळिकीनेच आम्हास एकदा गाफील ठेवले.

माझा धाकटा भाऊ रयोंगजवळ नोकरीस आहे. सन २०१७ मध्ये वडिलांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. मी त्यास रात्री अकराला फोन केला. तिकडे साडेबारा झाले होते. पहाटेच्या विमानाने तो निघाला. वडील शुद्धीवर असताना भेट झाली आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. तेरावा आटोपून तो परतला, तेव्हा बँकॉकच्या विमानतळावर त्यास कळले की, तो देशाबाहेर पडला त्याच क्षणी त्याची वर्षभराच्या वास्तव्याची परवानगी रद्द झालेली होती.

नियम असा आहे. नोकरीनिमित्त राहणाऱ्यास वास्तव्याची मुदत वर्षावर्षाने वाढवून मिळते; मात्र बाहेर जाताना ‘री-एंट्री परमिट’ घेतले नसेल तर उरलेली मुदत संपुष्टात येते. एका खेपेच्या परमिटास १,००० बाथ, अनेक खेपांच्या परमिटास ३,८०० बाथ पडतात. सुवर्णभूमी विमानतळावर निघतेवेळीही ते मिळू शकते. भावास यातले काहीच ठाऊक नव्हते, कारण तोवर कंपनीच्या कचेरीने ते परस्पर करून दिलेले असे. त्यास ‘व्हिसा ऑन अरायव्हल’वर पंधरा दिवसांचा प्रवेश मिळाला, कामाचा परवाना निरुपयोगी ठरला आणि नव्या व्हिसासाठी लाओसमधील व्हिएंतियान गाठावे लागले. दीड महिना बिनपगारी गेला. आई दररोज एकच विचारी, “त्याची नोकरी राहिली का रे?”

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, ज्या दिवशी वर्षाची मुदत वाढवून मिळेल त्याच दिवशी अनेक खेपांचे परमिट घेऊन टाकावे. वर्षभरात एकदाही प्रवास घडला नाही तरी हरकत नाही. पत्नी व मुलांच्या पासपोर्टवर ते स्वतंत्रपणे घ्यावे लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

नव्वद दिवसांची नोंद ही याहून निराळी बाब आहे. सलग नव्वद दिवस देशात राहिल्यास पत्ता कळवावा लागतो. मुदतीआधी पंधरा दिवसांपासून नंतर सात दिवसांपर्यंत ते करता येते. तिचा व्हिसाच्या मुदतीशी संबंध नाही. मुदत उलटून राहिल्यास मात्र दररोज ५०० बाथ, कमाल २०,००० बाथ दंड आहे. १ मे २०२५ पासून प्रत्येक प्रवेशापूर्वीच्या तीन दिवसांत ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ भरावे लागते. ते विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे टाळावीत.

आता पैशाविषयी. परदेशी नोकरीस गेलेल्या मुलाचे येथील साधे बचत खाते तसेच चालू ठेवणे फेमा कायद्यात बसत नाही. ते ‘एनआरओ’ करून घ्यावे. तिकडची कमाई इकडे ठेवायची असल्यास ‘एनआरई’ खाते सोयीचे, कारण त्यातील मुद्दल व व्याज पुन्हा बाहेर नेता येते. या खात्यांसाठी येथील नातलगास मुखत्यारपत्र देऊन ठेवावे, म्हणजे घरच्या आजारपणात येथील बिले अडत नाहीत. उलट दिशेने आपणास वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठविता येतात. परंतु मध्यरात्री प्रथमच पाठवू म्हटले तर ते जमत नाही. एकदा लहानशी रक्कम पाठवून वाट मळून ठेवावी.

वर्षात १८० दिवस तेथे राहणारा करनिवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळविलेले परदेशातील उत्पन्न कोणत्याही वर्षी थायलंडमध्ये आणले तरी करास पात्र ठरू शकते. येथील घरभाडे तिकडे नेण्यापूर्वी दोन्हीकडच्या जाणकारांस विचारावे. परदेशी कार्डाने एटीएममधून पैसे काढल्यास दर वेळी २२० बाथ वा अधिक शुल्क पडते. यंत्राने ‘रुपयांत की बाथमध्ये’ असे विचारल्यास बाथच निवडावे. रुपयांचा दर बहुधा तोट्याचाच असतो.

तेथील खाजगी रुग्णालये भरतीपूर्वी अनामत किंवा विमा कंपनीचे हमीपत्र मागतात. दुचाकीचा परवाना नसताना स्कूटर चालवून अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते, आणि भाड्याची स्कूटर तर कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक १६६९ आहे.

औषधे नेताना इंग्रजी चिठ्ठी व मूळ नावे हवीत. आकडीच्या किंवा चंचलतेच्या विकारावर औषध घेणाऱ्या मुलांच्या पालकांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण फेनोबार्बिटोन, मिथाइलफेनिडेट ही तेथे नियंत्रित द्रव्ये आहेत. चिठ्ठीसह तीस दिवसांपुरतीच न्यावीत. कुत्र्याने किंवा देवळातील माकडाने चावा घेतल्यास सुट्टी संपण्याची वाट पाहू नये. आपण त्वचेत रेबीजची लस ज्या ‘थाई रेडक्रॉस’ पद्धतीने टोचतो, तिचे माहेर बँकॉकच. तेथील क्वीन सावोभा मेमोरियल इन्स्टिट्यूट याच कामासाठी ख्यातनाम आहे.

सुट्टीत नातवंडे आली की त्यांची थाई लसीकरण पुस्तिका माझ्यापुढे येते. तीवर ‘२५६८’ असे साल पाहून प्रथम मीही चक्रावलो होतो. ते बुद्धसंवत, त्यातून ५४३ वजा केले की २०२५ येते. जपानी मेंदूज्वराची लस तेथे सर्वच मुलांना देतात, तेव्हा ती येथे पुन्हा टोचण्यापूर्वी पुस्तिका नीट पाहावी. तिच्या पानांची छायाचित्रे आजी-आजोबांच्या मोबाइलमध्येही असू द्यावीत; मूळ पुस्तिका बहुतेक वेळा रयोंगच्या कपाटातच राहिलेली असते.