खरजेतील कंडू आणि शरीराचा प्रतिकार

हेमंत ऋतू लागला की आमच्या परभणी जिल्ह्यातील वैद्यांकडे आणि औषधी दुकानांच्या काउंटरवर खाजेचे रुग्ण वाढू लागतात. थंडीत एकाच गोधडीत तीन-चार मुले झोपतात, वसतिगृहांत अंथरुणास अंथरूण लागते. गंगाखेड, पालम, सोनपेठ या भागांतून ऊसतोडीस गेलेली कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरातील कोप्यांत चार-पाच महिने अत्यंत दाटीने राहतात आणि गळीत हंगाम संपल्यावर गावी परततात. खरूज हा व्याधी आपणां सर्वांच्या इतका परिचयाचा आहे की, त्याचा स्वतंत्र अभ्यास करावा असे फारसे कोणास वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१७ मध्ये त्याचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत केला. प्रस्तुत लेखात आम्ही एकाच प्रश्नाचा विचार करणार आहोत. खरजेत खाज सुटते ती नेमकी कशाने? या प्रश्नाच्या उत्तरावर चिकित्सेचे यशापयश बऱ्याच अंशी अवलंबून आहे.

सार्कोप्टिस स्केबिआय हा आठ पायांचा जीव गोचिडीच्या आणि कोळ्याच्या कुळातला होय. त्याची मादी जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिमीटर लांबीची असते. त्वचेच्या सर्वांत वरच्या निर्जीव थरात ती बीळ खणते, त्यात दररोज दोन-तीन अंडी घालते. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि सुमारे दोन आठवड्यांत नवी पिढी प्रौढ होते. हा जीव आणि खरूज यांचा संबंध १६८७ मध्ये इटलीतील बोनोमो आणि चेस्तोनी यांनी दाखवून दिला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नेहमीच्या प्रौढ रुग्णाच्या संपूर्ण देहावर मिळून सरासरी दहा-पंधराच माद्या असतात. त्या बहुधा बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कोपरावर, काखेत, बेंबीभोवती व जननेंद्रियावर आढळतात. खाज मात्र मांड्या, पोट, कंबर अशी सर्वत्र सुटते. जेथे किडा नाही तेथेही खाज आहे. म्हणजेच किड्याच्या चावण्याने ही खाज होत नाही.

याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील शेफील्ड येथे झाला. केनेथ मेलनबी यांनी, सदसद्विवेकबुद्धीने शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेल्या तरुणांच्या संमतीने, त्यांच्यावर प्रयोग केले. प्रथमच लागण झालेल्यांना सुमारे महिनाभर खाज जवळजवळ नव्हतीच. किडे वाढत होते, बिळे दिसत होती, आणि मनुष्य शांत झोपत होता. महिन्यानंतर खाज सुरू झाली व वाढत गेली. पुढे किड्यांची संख्या शिखरास पोहोचून आपोआप उतरू लागली. ज्यांना पूर्वी खरूज होऊन गेली होती, त्यांना पुन्हा लागण होताच एका दिवसात खाज सुटली. त्यांच्या अंगावर किडे फार थोडे राहिले आणि अनेकांत तर दुसरी लागण टिकलीच नाही.

या महिनाभराच्या शांततेचे कारण आता पुष्कळसे कळले आहे. रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने परक्या जीवावर प्रथम हल्ला करतात. खरजेचा जीव त्यांना निष्प्रभ करणारी स्वतःची प्रथिने सोडतो आणि त्वचेच्या पेशींचा सुरुवातीचा इशाराही दाबून ठेवतो. तथापि त्याची लाळ, विष्ठा, अंड्यांची कवचे व मृत शरीरे साचत जातात. त्वचेतील पहारेकरी पेशी ही द्रव्ये लसिकाग्रंथींपर्यंत नेतात, तेथे टी पेशींना त्यांची ओळख पटते, आणि या पेशी त्वचेत परतल्या की शोथ, पिडका व कंडू यांचा आरंभ होतो. सोबत आयजीई जातीची प्रतिपिंडेही तयार होतात. शोथयुक्त त्वचेत किड्याला जगणे कठीण जाते आणि खाजविणारे नखही त्याला बिळातून उकरून काढते. तात्पर्य, कंडू हा शरीराच्या प्रतिकाराचाच भाग आहे. त्रासदायक खरा, परंतु निरर्थक नव्हे.

हा प्रतिकार ढळला तर काय होते, हे खपली धरणाऱ्या खरजेत दिसते. १८४८ मध्ये नॉर्वेत डॅनियलसन आणि बोएक यांनी महारोग्यांत तिचे वर्णन केले. अतिवृद्ध, एचआयव्हीबाधित, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे अशा रुग्णांत ती आढळते. हातापायांवर जाड राखाडी पापुद्रे, खाज कित्येकदा अल्प, आणि किडे हजारो ते लाखो. असा एक रुग्ण अख्ख्या वॉर्डाला लागण देऊ शकतो. विशेष म्हणजे या रुग्णांच्या रक्तात आयजीई व इओसिनोफिल यांचे प्रमाण अतोनात वाढलेले असते. प्रतिकार भरपूर आहे, पण चुकीच्या दिशेचा आहे. २०२० नंतर दुकानांच्या फळ्या ज्या ‘प्रतिकारशक्ती वाढविणाऱ्या’ बाटल्यांनी भरल्या, त्या खरजेच्या रुग्णास देणाऱ्यांनी याचा विचार करावा. व्याधिक्षमत्व ही मापाने वाढवायची वस्तू आहे, असे आपल्या संहितांनीही म्हटलेले नाही.

संहितांचा उल्लेख आलाच आहे तर पामा आणि कच्छू यांविषयी. अठरा कुष्ठांपैकी क्षुद्रकुष्ठांत गणलेली पामा म्हणजे आजची खरूज, असे सरसकट समीकरण आम्हांस मान्य नाही. पामेच्या वर्णनात इतर त्वग्विकारही बसतात. मात्र हातांवर व नितंबांवर तीव्र दाहयुक्त पिडका सांगणारे सुश्रुतांचे कच्छूवर्णन खरजेच्या पुष्कळ जवळ जाते. कुष्ठनिदानाच्या अखेरीस त्यांनी अंगस्पर्श, एकत्र शय्या, वापरलेली वस्त्रे यांतून होणारा संक्रमणही सांगितला आहे. चरकांच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात कृमींसाठी अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असा त्रिविध क्रम आहे. खरजेत आपल्या हातून बहुधा पहिल्या दोहोंवर भर दिला जातो आणि तिसऱ्याची उपेक्षा होते.

निदानपरिवर्जन म्हणजे येथे संपूर्ण घराची एकाच दिवशी चिकित्सा. ज्याला खाज नाही तो निरोगी, हा समज मेलनबींच्या प्रयोगाने खोटा ठरविला आहे. खाजविणाऱ्या एका मुलासाठी मलमाची एक डबी देऊन पाठविले, तर न खाजविणारी आई व भावंडे त्यास पंधरा दिवसांत पुन्हा लागण देतात आणि दोष औषधाच्या माथी येतो. औषधी विक्रेत्यांनी ‘घरात किती माणसे?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय डबी देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. ५ ते १० टक्के गंधकाचे मलम आधुनिक वैद्यकही मान्य करते; वास व डाग सोडले तर ते चांगले काम देते. ते गळ्याखाली सर्वांगास, नखांच्या कडांसह, ओळीने तीन रात्री लावावे. केवळ पिडकांवर लावून उपयोग नाही. लहान बाळांत डोके व चेहराही वगळू नये, केवळ डोळे व तोंड यांभोवतीची जागा सोडावी. पर्मेथ्रिन वापरल्यास आठवड्याने पुन्हा लावावे लागते. कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत; जे धुता येत नाही ते आठवडाभर पिशवीत बांधून ठेवावे, कारण मनुष्यदेहाबाहेर हा जीव दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही.

किडे मेल्यावरही त्यांचे अवशेष त्वचेत राहतात, म्हणून खाज आणखी दोन ते चार आठवडे टिकू शकते. हे रुग्णास आधीच सांगावे. न सांगितल्यास तो गंधक पुनःपुन्हा चोळून त्वचा भाजून घेतो, किंवा दुकानातून स्टेरॉइडयुक्त मलम आणतो. लागण जिवंत असताना असे मलम लावल्यास दोन दिवसांत खाज थांबते व रुग्ण प्रसन्न होतो. प्रत्यक्षात पहारा उठविला जाऊन किडे निर्वेध वाढतात आणि खरजेचे रूपही ओळखू येत नाही. केंद्र शासनाने २०१८ मध्ये अशी कित्येक मलमे अनुसूची एचमध्ये घालून चिठ्ठीशिवाय विक्रीस मनाई केली आहे. आठवडी बाजारातील, घटकद्रव्ये न छापलेल्या ‘जडीबुटी’च्या डब्यांचे काय? दोन दिवसांत हमखास खाज थांबविणाऱ्या अशा डबीविषयी प्रत्येक वैद्याने संशय धरावा. आयुर्वेदाच्या नावावर स्टेरॉइड विकले जात असेल तर त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आपल्याच व्यवसायबंधूंनी केली पाहिजे.

शेळी किंवा लूत लागलेला कुत्रा यांपासून होणाऱ्या खाजेस फार महत्त्व देण्याचे कारण नाही. त्या जातीचा किडा मनुष्याच्या त्वचेत वंश वाढवू शकत नाही. जनावराचा उपचार झाला की खाज शमते.

पूययुक्त खरजेकडे मात्र दुर्लक्ष नको. किड्याने सोडलेली कॉम्प्लिमेंटरोधक प्रथिने स्ट्रेप्टोकॉकस जंतूंनाही संरक्षण देतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. पू धरलेल्या मुलांत दोन-तीन आठवड्यांनी वृक्कशोथ होऊ शकतो. सकाळी पापण्या सुजणे, लघवी कमी व काळ्या चहाच्या रंगाची होणे ही चिन्हे दिसताच लघवीची तपासणी व रक्तदाब करून त्याच दिवशी मुलास जिल्हा रुग्णालयात पाठवावे; घरातील इतरांचे मलम चालूच ठेवावे.