न्यूयॉर्क ते भंडारदरा, व्हाया आइसलँड

न्यू जर्सीहून भाचरं येणार, काजवे बघायला भंडारदऱ्याला जायचं, असा बेत यंदा ज्या घरात शिजतोय, त्यांच्यासाठी अंतरांची ही थोडी गंमत.

न्यूयॉर्क ते मुंबई हे अंतर सुमारे साडेबारा हजार किमी. अमेरिका पश्चिमेला, म्हणजे मुंबईहून निघालेलं विमान अरबी समुद्रावरून नाकासमोर पश्चिमेला जात असेल, असंच आपल्याला वाटतं. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा! सगळ्यात जवळची वाट मुंबईहून थेट उत्तर-वायव्येला चढते, 64-65 अक्षांशाला आइसलँडवरून जाते आणि मग खाली न्यूयॉर्कला उतरते. शाळेतल्या भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपल्याला हे कधी कळूच दिलं नाही. वारा आणि बंद असलेल्या हवाई हद्दी यांमुळे प्रत्यक्षात विमानं थोडी वाकडी वाट करतात, ते वेगळं.

भाचरं येताना लवकर येतात आणि जाताना त्यांना जास्त वेळ लागतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. त्यांची साथ मिळाली की साधारण चौदा-पंधरा तासांत मुंबई. परतीला तेच वारे समोरून, मग सोळा किंवा त्याहून जास्त.

हे विमान जमिनीपासून साधारण 11 किमीवर असतं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. एकावर एक सहा कळसूबाई रचले तरी विमान वरच!

आता खरी मजा. भंडारदऱ्याच्या धरणापासून सरळ रेषेत मुंबई विमानतळ सुमारे 106 किमी, पुणे 108. जवळपास बरोबरी. नाशिकचं ओझर आणि शिर्डीचा काकडी इथला विमानतळ, दोन्ही साधारण 66-67. पुन्हा बरोबरी! डिसेंबर 2025मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ मात्र 95 किमीवर, म्हणजे जुन्या मुंबईपेक्षा जवळ.

ताशी 900 किमीने उडणारं विमान ते 106 किमी सात मिनिटांत कापेल. गाडीला मात्र कसारा चढून, इगतपुरी-घोटीवरून वळून यावं लागतं आणि तास लागतात चार. जून 2025मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यातल्या जवळपास आठ किमीच्या बोगद्याने घाटाचा त्रास पुष्कळ कमी केलाय. मुंबईच्या हद्दीतून बाहेर पडायला लागणारा वेळ मात्र कुठलाही बोगदा वाचवत नाही.

भंडारदऱ्याचं विल्सन धरण 1926 साली पूर्ण झालं, तेव्हा मुंबईहून लंडनला बोटीने जायला दोन-तीन आठवडे लागत. 8 जून 1948ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' 35 प्रवासी घेऊन कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला निघालं आणि 10 जूनला पोहोचलं. आज तेवढ्यासाठी नऊ-दहा तास पुरतात.

ओझर आणि शिर्डी भंडारदऱ्याला मुंबईपेक्षा जवळ, तेव्हा मुंबईचंच तिकीट काढायचा हट्ट सोडा. दिल्लीमार्गे ओझर किंवा शिर्डी गाठली, तर शेवटचा रस्ता दोन-अडीच तासांचा उरतो. मुंबईलाच उतरणार असाल, तर पहाटे पोहोचणारं विमान बघा. पावसाळ्यात घोटीच्या पुढे धुकं दाट उतरतं. तो रस्ता उजेडातच पार करा.