महाशीर आणि त्याची नदी

बीडहून परळीकडे जाणाऱ्या सडकेवर, बालाघाटच्या डोंगररांगेच्या आश्रयाला वसलेल्या वडवणीत राहणाऱ्या माणसाने नदीतील माशाविषयी आणि गळाच्या मृगयेविषयी लिहावे, हे वाचकाला प्रथमदर्शनी विपरीत वाटण्याचा संभव आहे. कारण १९९९ साली तालुक्याचे ठिकाण झालेल्या या गावाची ओळख पाण्याने नव्हे, तर पाण्याच्या अभावानेच अधिक झालेली आहे, आणि दिवाळी सरली की इथल्या कितीतरी घरांना कुलपे लागून माणसे ऊसतोडीसाठी पश्चिमेकडील कारखान्यांच्या वाटेला लागतात. परंतु ज्या मुलखात नदी वर्षातून चार महिनेच नदी असते, त्या मुलखात वाहते पाणी आणि साचलेले पाणी यांतील भेद लहान मुलालाही शिकवावा लागत नाही. आणि ज्या माशाविषयी मला लिहावयाचे आहे, त्याचे सारे चरित्र याच एका भेदावर उभे आहे.

आमच्या नद्या बालाघाटाच्या लेकी. पाटोद्याच्या डोंगराळ भागात उगम पावलेली सिंदफणा खाली उतरते, बिंदुसरा आणि वडवणीच्या शिवारातून येणारी कुंडलिका यांना पोटात घेते आणि माजलगावच्या पुढे मंजरथ या क्षेत्री गोदावरीला मिळते. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाचा पुढचा टप्पा म्हणून या सिंदफणेवर माजलगावचे धरण १९८७ साली पुरे झाले, पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही त्यात येऊन पडू लागले, आणि जिथे क्षितिजापर्यंत ज्वारीची ताटे डुलत, तिथे क्षितिजापर्यंत पाणी दिसू लागले. तिकडे पैठणच्या जलाशयाला, म्हणजे नाथसागराला, १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिबेट आणि मंगोलियाच्या सरोवरांकाठी घरटी करणारा पट्टकादंब हंस हिमालयाची शिखरे ओलांडून हिवाळ्यात तिथे उतरतो, आणि केवळ माशांवर जगणारा कैकर हा शिकारी पक्षीही उत्तरेकडूनच या दख्खनी पाण्यावर येतो. उत्तरेच्या त्या दूरस्थ, निर्मनुष्य प्रदेशाशी आमचे हे असे वार्षिक नाते आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते.

पक्षी धरण ओलांडून जातो. माशाला ते शक्य नसते. म्हणूनच या जलाशयांत आज जे मासे प्रामुख्याने आढळतात, ते माणसाने आणून सोडलेले आहेत. कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. साचलेल्या पाण्यात त्यांची वीण सहसा होत नाही, म्हणून मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली आणून सोडावी लागते, तलावाचा ठेका मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला दिला जातो, आणि जाळ्यात आलेला माल भल्या पहाटे बाजारात जातो. आफ्रिकेतून आलेली चिलापी तर न सोडताही पसरत जाते. मरळ, वांब, शिंगटी हे इथले जुने रहिवासी अजून आपली जागा धरून आहेत. या मासेमारीत गैर असे काहीच नाही; ती कुटुंबे पोसते. पण दख्खनच्या नद्यांचा खरा मानकरी जो महाशीर, त्याला या व्यवस्थेत स्थान नाही.

ज्याला कुठे खडस, कुठे खडशी म्हणतात, तो हा मासा शास्त्रीय दप्तरात दाखल झाला तो पुण्याच्या मुळा-मुठेतून. मुंबई सरकारने १८२४ साली कर्नल विल्यम हेन्री साईक्स या लष्करी अधिकाऱ्याची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमणूक केली होती. महसूल, पिके आणि लोकसंख्या यांची गणना करीत दख्खनभर फिरत असता या गृहस्थाने पक्षी आणि मासेही अभ्यासिले, आणि १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वर्णनांत कित्येक माशांना स्थानिक कोळी-भोयांच्या तोंडी असलेली नावेच शास्त्रीय नावे म्हणून देऊन टाकली. खुद्री, शिंघाळा, मल्या ही नावे त्यामुळे आजही जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या सूचीत नांदत आहेत. ज्यांच्या ज्ञानावर ही यादी उभी राहिली, त्या मच्छीमारांपैकी एकाचेही नाव मात्र तिच्यात नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

महाशीराचे शरीर पाहिले की त्याची नदी कशी असावी हे सांगता येते. अंग लांबट आणि बळकट, शेपूट रुंद, खवले इतके मोठे की थोर माशाचा एकेक खवला तळहातात मावू नये. जबड्यात दात नसतात; ते घशात असतात, आणि शंखशिंपल्यांचे कवच फोडण्याइतके सामर्थ्य त्यांत असते. काठावरच्या उंबराचे गळलेले फळ, दगडावरचे शेवाळ, किडे, गोगलगायी, लहान मासे, यांतले काहीच त्याला वर्ज्य नाही. म्हणजे त्याच्या पोषणाला नुसते पाणी पुरत नाही. काठावरची झाडी लागते, तळाशी गोटे लागतात, खळाळामुळे पाण्यात मिसळणारा प्राणवायू लागतो, आणि उन्हाळ्यात धार आटली की आसरा घेण्याला खोल डोह लागतो. पावसाळ्यात नद्या भरल्या की तो प्रवाहाच्या उलट दिशेने चढत उगमाकडील स्वच्छ, गोटाळ पाण्यात जातो आणि तिथे वीण करतो.

या विणीची हकीकत डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९७१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली, आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. रोहू-कटल्यासारखे मासे पुराच्या पाण्यात एकाच वेळी लाखांनी अंडी सोडतात आणि त्यांतून सोळा-अठरा तासांत पिले बाहेर येतात. महाशीराची रीत निराळी: अंडी संख्येने थोडी, आकाराने मोठी, आणि तीही एकदम नव्हे तर टप्प्याटप्प्याने. ती जड असल्याने तळाशी बसतात, गोट्यांच्या फटींत राहतात आणि फुटण्यास अडीच-तीन दिवस घेतात. बाहेर पडलेले पिलूही पुढचे काही दिवस पोहत नाही, डोके कोपऱ्यात खुपसून, पोटाशी असलेल्या बलकावर जगत निपचित पडून राहते. एवढ्या दीर्घ, असहाय काळात वरून गाळ आला, किंवा कोणी वाळू-गोट्यांचा थर यंत्राने उचलून नेला, तर त्या नदीतली एक संपूर्ण पिढी जन्मापूर्वीच नाहीशी होते. ज्या नदीतून रात्रंदिवस वाळूचा उपसा चालतो, त्या नदीच्या काठी राहणाऱ्या आम्हां लोकांना याचा अर्थ निराळा सांगावा लागू नये.

या कुळातील सर्वांत कीर्तिमान शाखा हिमालयाच्या पायथ्याशी आहे. सोनेरी महाशीर म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्या माशाचे वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ सालच्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात केले. कुमाऊंच्या दऱ्यांत, जिथे सालवृक्षांची अरण्ये तुटलेल्या कड्यांपर्यंत जातात, जिथे रामगंगेच्या वाळवंटी सुसरी ऊन खात पडतात, पाणमांजरांचे कळप डोहातून मासे हुसकतात आणि पहाटे ओल्या वाळूवर वाघाची पावले उमटलेली असतात, तिथे गळ टाकून बसण्यासाठी मागील शतकात दूरदूरचे शौकीन येत. नरभक्षक वाघांच्या शिकारीसाठी ख्यातनाम झालेल्या जिम कॉर्बेट यांनी आपल्या पहिल्याच पुस्तकात वाघांच्या कथांच्या मधोमध एक प्रकरण महाशीराला वाहिले आहे. महाकाली आणि सरयू यांच्या संगमावरील पंचेश्वर, जिथे पलीकडचा काठ नेपाळचा, ते आजही गळाच्या शौकिनांचे मोठे तीर्थ आहे.

हा शौक नेमका कशात आहे, हे न जाणणाऱ्याला तो निरुद्योगी माणसाचा वेळकाढूपणा वाटतो. वस्तुतः गळाने महाशीर धरणे ही नदी वाचण्याची विद्या आहे. खळाळ संपून डोह सुरू होतो ती रेघ कोणती, धार कोणत्या खडकामागे मंदावते, पाण्याला कोणता रंग आला म्हणजे वर पाऊस झाला, ऊन पाण्यावर कोणत्या कोनातून पडले असता माशाला माणसाची सावली दिसते, हे सारे ओळखून आमिष योग्य जागी पडावे लागते. मग एखाद्या क्षणी दोरीला हिसका बसतो, आणि मासा जो प्रवाहाच्या दिशेने सुसाट सुटतो त्या पहिल्याच धावेत दोरी तुटते, काठी मोडते किंवा माणूस गोट्यांवरून धडपडत त्याच्यामागे धावतो. या पहिल्या धावेसाठीच महाशीराची ख्याती आहे; एच. एस. थॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली गळाच्या मृगयेवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या माशाला अग्रपूजेचा मान मिळाला तो याच गुणामुळे. दक्षिणेतला कुबडवाला महाशीर तर प्रचंड: १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थाने काबिनी नदीत धरलेला मासा १२० पौंडांचा होता. आता जाणत्या शौकिनांत मासा धरून, मोजून, पुन्हा नदीत सोडून देण्याचा दंडक आहे, आणि तो दंडक मला सर्वथैव योग्य वाटतो. अर्थात अभयारण्याच्या हद्दीत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो. त्याच कायद्याच्या अंमलबजावणीत कावेरीकाठचे शौकिनांचे जुने नावाजलेले तळ बंद पडले.

महाराष्ट्रात या माशाचे आधुनिक चरित्र लोणावळ्याला घडले, आणि तेही धरणाच्या काठी. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंद्रायणीच्या उगमाजवळ वळवणचे धरण बांधले गेले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून घाटाखाली खोपोलीकडे सोडण्यात आले आणि १९१५ पासून त्यावर मुंबईसाठी वीज निर्माण होऊ लागली. पुढे १९७० च्या सुमारास याच वळवणच्या काठी, मत्स्यव्यवसाय खात्यात आयुष्य घालवलेल्या डॉ. कुलकर्णी यांनी आणि त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी महाशीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली. नर-मादीला हातांनी हलके दाबून अंडी व वीर्य मिळवावे, ते कोरड्या भांड्यात एकत्र करावे, आणि फलित अंडी वाहत्या स्वच्छ पाण्याच्या उथळ तबकांत ठेवावी, अशी ही कृती. आणि ती अंडी ओल्या कापसात गुंडाळून दूरच्या प्रांतात पाठवता येतात, हेही त्यांनीच दाखवून दिले. वळवणच्या या पैदास केंद्रातून लक्षावधी बोटुकली निरनिराळ्या राज्यांत गेली. एकेकाळी संकटग्रस्त गणला गेलेला दख्खनी महाशीर जागतिक सूचीत आता कमी चिंतेच्या वर्गात आला आहे. एवढे दीर्घोद्योगी काम करणाऱ्या या दोन शास्त्रज्ञांची नावे आपल्या शालेय पुस्तकांत असावयास हवीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

परंतु कथेचा पुढील भाग गंभीर आहे. लोणावळ्याच्या बीजातून वाढलेले मासे कावेरीतही सोडले गेले. हेतू निर्मळ होता: माशांची संख्या वाढावी, शौकीन यावेत, त्यांच्या पैशातून नदीकाठची राखण व्हावी, जुन्या शिकाऱ्यांनाच राखणदार म्हणून रोजगार मिळावा. यांतले पुष्कळसे साध्यही झाले. मात्र कावेरीच्या तळावर शौकिनांनी १९९८ ते २०१२ या काळात लिहून ठेवलेल्या पकडीच्या नोंदवह्या अभ्यासकांनी उलगडल्या, तेव्हा असे दिसले की आपला निळसर परांचा दख्खनी महाशीर वर्षागणिक वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा, त्या एकाच खोऱ्यात आढळणारा कुबडवाला महाशीर जवळजवळ दिसेनासा झाला. त्याला निश्चित शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ साली. आणि नाव मिळाले तेव्हा तो विनाशाच्या उंबरठ्यावर होता. मासा वाचवला म्हणजे नदी वाचली, हा समज कावेरीने असा खोटा ठरविला. प्रत्येक खोऱ्याचा आपला मासा असतो, आणि तो दुसऱ्या खोऱ्यात नेऊन सोडणे हे उपकाराच्या रूपातले आक्रमणही ठरू शकते.

पंचेश्वरला प्रश्न निराळा, पण मुळाशी तोच. १९९६ च्या महाकाली कराराने भारत आणि नेपाळ यांनी तिथे तीनशे मीटरहून अधिक उंचीचे धरण बांधण्याचे योजिले आहे. ते झाले, तर सोनेरी महाशीराच्या वर चढण्याच्या वाटेत भिंत येईल, आणि मागे उरलेल्या अफाट जलाशयात बोटुकली कितीही सोडली तरी तो संगम, तो खळाळ आणि ते गोटे पुन्हा निर्माण होणार नाहीत.

आपल्याकडे जिथे महाशीर निर्वेध राहिला आहे, त्या जागा पाहाव्यात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथील महादेवाच्या देवळापाशी, महाडकडे काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहात, देवाचे म्हणून राखलेले मासे आहेत. यात्रेकरू त्यांना चुरमुरे घालतात आणि त्या पाण्यात कोणी गळ टाकीत नाही. देहूच्या डोहातील माशांनाही तुकोबांच्या नावाचे असेच अभय होते. पण इंद्रायणीत वरून मैला आणि कारखान्यांचे सांडपाणी येऊ लागले, आणि ज्याला माणसाच्या हातापासून अभय होते त्याला माणसाच्या गटारापासून अभय उरले नाही.

माजलगावच्या जलाशयात महाशीर सोडावा, शौकिनांना परवाने द्यावेत, पर्यटन वाढवावे, असा विचार उद्या कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. दुष्काळी तालुक्याला उत्पन्नाचे साधन हवेच. मला तो विचार मान्य नाही. या उथळ, गढूळ, उन्हाळ्यात तळ गाठणाऱ्या पाण्यात तो मासा टिकणार नाही, आणि टिकला तरी विणीसाठी चढावयास त्याला वर खळाळ सापडणार नाही. शौकिनांना बोलवायचेच असेल, तर आमच्या पाण्यात मरळ आहे. तीही आमिषावर झेप घेणारी, बळकट आणि आपल्या पिलांची राखण करणारी आहे. पिले घोळक्याने पृष्ठभागाशी आली की खाली मोठी मरळ असते, हे इथल्या भोयांच्या पोरांना ठाऊक असते. गळ घेऊन येणाऱ्या पाहुण्याला वाटाड्या म्हणून तीच पोरे घ्यावीत, त्यांना त्याचा योग्य मोबदला द्यावा, विणीच्या दिवसांत गळ बंद ठेवावा. आणि महसूल खात्याने कुंडलिकेच्या पात्रातील वाळूचा लिलाव करताना, जिथे उन्हाळ्यातही पाणी टिकते असे दोन-चार डोह तरी यादीतून वगळावेत. त्यांच्या जागा गावोगावच्या गुराख्यांना तोंडपाठ आहेत.