सेल्फ न उचलणाऱ्या गाडीचा तपास

मर्सिडीज-बेंझने 1984 च्या अखेरीस बाजारात आणलेली आणि पुढील दहा-बारा वर्षांत 25 लाखांहून अधिक संख्येने जगभर गेलेली डब्ल्यू 124 ही मोटार महाराष्ट्राला परकी नाही. 1994 साली टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज-बेंझ इंडिया ही कंपनी स्थापन झाली, आणि तिने 1995 साली पिंपरीत जुळणी करून जी पहिली गाडी रस्त्यावर आणली ती याच मालिकेतील होती. ब्रूनो साक्को यांच्या देखरेखीखाली आकाराला आलेले तिचे शरीर नीट सांभाळले असेल तर तीस वर्षांनंतरही दार मिटताना तोच भरीव आवाज करते, तिची डिझेल इंजिने तर दीर्घायुष्यासाठीच नावाजलेली आहेत. आणि अशी ही गाडी एखाद्या सकाळी, समोरचे सारे दिवे यथास्थित उजळत असताना, किल्ली फिरवूनही जागची हलत नाही, तेव्हा मालकाची जी त्रेधा उडते तिचा फायदा घेणारी मंडळी सर्वत्र असतात. प्रथम बॅटरी बदलली जाते, मग सेल्फ, मग आल्टरनेटर, मग एखादा रिले. खर्चाचा आकडा पन्नास हजारांपलीकडे जातो, आणि अखेरीस दोष निघतो तो इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या वीतभर लांबीच्या अर्थिंगच्या पट्टीत. सुटे भाग बदलीत जाणे याला तपास म्हणत नाहीत, हे माझे ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

विजेवर चालणारा सेल्फ 1912 सालच्या कॅडिलॅक मोटारीबरोबर आला आणि त्याचे श्रेय चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याला दिले जाते. त्यापूर्वी हँडल मारूनच इंजिन फिरवावे लागे, आणि आपल्याकडे अँबॅसडरसारख्या गाड्यांबरोबर हे हँडल पुढेही कित्येक वर्षे मिळत राहिले. डब्ल्यू 124 ला तशी सोय नाही. इतकेच नव्हे, तर तिच्यात स्वयंचलित गिअर असेल तर चार माणसांनी धक्का मारूनही ती सुरू होत नाही, कारण त्या गिअरपेटीतील तेलाचा दाब इंजिन फिरू लागल्याखेरीज निर्माणच होत नाही. विद्युत्मार्ग शाबूत असणे ही या गाडीची पहिली आणि अपरिहार्य अट आहे.

हा मार्ग मुळात दोन पदरी आहे, आणि ज्याला हे दोन पदर वेगळे करता आले त्याचा अर्धा तपास तेथेच संपतो. एक पदर जाड तारेचा: बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फपर्यंत, सेल्फमधून इंजिनच्या धातूत, तेथून अर्थिंगच्या पट्टीने बॉडीत आणि बॉडीतून परत बॅटरीच्या ऋण टोकाशी, यातून इंजिन फिरवताना दीड-दोनशे अँपिअर प्रवाह जातो. दुसरा पदर बारीक तारेचा: किल्लीखालच्या स्विचपासून, गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करणाऱ्या लहानशा स्विचमधून, सेल्फवरील सोलेनॉइडपर्यंत, यातून जातो तो केवळ हुकूम. जर्मन मानकाने प्रत्येक टोकाला क्रमांक देऊन ठेवला आहे: सदैव जिवंत असणारी बॅटरीची तार 30, किल्लीनंतरची 15, सेल्फला हुकूम नेणारी 50, आणि अर्थ 31. अर्थची तार तपकिरी, सदैव जिवंत असलेली तांबडी. वायरिंगचा नकाशा हाती असेल तर पुण्यातील कारागिराला श्टुटगार्टमधील आरेखकाचा हेतू यातून अक्षरशः वाचता येतो, आणि या गाडीवर माझा जो लोभ आहे त्याचे एक मोठे कारण ही शिस्त आहे.

तपासाची पहिली पायरी कान आणि डोळे यांची. हेडलाइट लावावे आणि किल्ली फिरवावी. दिवे तसेच प्रखर राहिले आणि बोनेटखालून चकार शब्द आला नाही, तर जाड पदराकडे तूर्त पाहण्याचे कारण नाही. हुकूमच पोचलेला नाही. खट् असा एकच ठोस आवाज आला आणि दिवे फारसे मंदावले नाहीत, तर सोलेनॉइड ओढला गेला पण त्याच्या आतील तांब्याचे संपर्क जळालेले आहेत, किंवा सेल्फमधील कार्बन झिजलेले आहेत. दिवे पार मावळले आणि खटखटखट असा सलग आवाज आला, तर सोलेनॉइड संपर्क जोडतो, तत्क्षणी विद्युद्दाब कोसळतो, त्याला धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याचा जोर जातो, तो सुटतो, दाब पुन्हा चढतो, आणि हाच क्रम सेकंदाला कित्येक वेळा घडत राहतो. ही शक्तीच्या अभावाची निःसंदिग्ध खूण होय. परंतु तो अभाव बॅटरीत आहे की वाटेत, हे मात्र कानाला कळत नाही. येथेच मीटर हाती घ्यावा लागतो, आणि येथेच बहुसंख्य चुका होतात.

बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून 12.6 व्होल्ट दिसले की बॅटरी पूर्ण भरलेली, 12.2 म्हणजे सुमारे निम्मी, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु हा आकडा विश्रांतीच्या अवस्थेतील आहे. खरी परीक्षा सेल्फ मारीत असताना होते. त्या वेळी दाब साधारण 9.6 च्या खाली गेला तर बॅटरीवर ठपका ठेवण्यास आधार आहे. तो तसा गेला नाही आणि तरीही इंजिन जड फिरते किंवा फिरतच नाही, तर बॅटरी बदलणे म्हणजे निरपराध्यास शिक्षा देणे होय. मग कारागीर तारा ओहमवर तपासतो, मीटर शून्य दाखवतो, आणि तारा ठीक असल्याचा निर्वाळा तो देऊन टाकतो. हा निर्वाळा व्यर्थ आहे, आणि त्याचे कारण साध्या गुणाकारात आहे: एका ओहमचा शंभरावा हिस्सा इतकाच अडथळा कोठे असला, तरी दोनशे अँपिअर जाताना त्यावर दोन व्होल्ट खर्ची पडतात, आणि एवढा सूक्ष्म अडथळा साध्या मीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसतच नाही. जाड तारेतील बाकी सारे धागे तुटून एकच शाबूत राहिला, तरी मीटरच्या दृष्टीने ती तार निर्दोष असते. म्हणून तार तपासायची ती तिच्यातून काम होत असताना.

रीत अशी. पेट्रोल गाडी असेल तर इंधनपंपाचा रिले काढून ठेवावा, म्हणजे इंजिन मध्येच सुरू होणार नाही. मीटर व्होल्टवर ठेवून त्याची एक सुई बॅटरीच्या ऋण शिशाच्या खुंटीत रोवावी. क्लॅम्पवर नव्हे, प्रत्यक्ष खुंटीवर. आणि दुसरी सुई इंजिनच्या उघड्या, घासून स्वच्छ केलेल्या धातूवर. एकाने आत बसून सेल्फ मारावा. काटा पाव व्होल्टच्या आत राहिला तर परतीचा मार्ग निर्वेध आहे. तो दीड व्होल्टवर गेला तर चोरी येथेच होते आहे, आणि ती कोठे हे शोधण्यास आता पाच मिनिटे पुरतात: दुसरी सुई इंजिनवरून काढून क्लॅम्पवर ठेवावी, मग बॉडीवरील बोल्टवर, मग त्या बोल्टाशेजारच्या पत्र्यावर, मग अर्थिंगच्या पट्टीच्या इंजिनकडील टोकावर, आणि प्रत्येक वेळी सेल्फ मारून आकडा पाहावा. ज्या दोन स्थानांमध्ये आकडा एकाएकी उडी घेतो, त्यांच्यामध्ये दोष. पट्टी सोडवली की बोल्टच्या वॉशरखाली हिरवट भुकटी आढळते, विणलेले तांबे बोटाने दाबताच चुरते, आणि नवी पट्टी तीनचारशे रुपयांत येते. धन बाजूची परीक्षा याच पद्धतीने, बॅटरीच्या धन खुंटीपासून सेल्फच्या मोठ्या बोल्टपर्यंत. तेथे अर्ध्या व्होल्टपर्यंत सूट द्यावी.

हुकूमच पोचत नसेल तर मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प बरा, कारण दिवा पेटण्यास प्रवाह लागतो आणि नुसत्या दाबाच्या देखाव्याने तो फसत नाही. सोलेनॉइडच्या 50 क्रमांकाच्या बारीक तारेवर तो लावून किल्ली फिरवावी. पेटला, तर दोष सोलेनॉइडमध्ये. न पेटला, तर मागे मागे जावे. गिअर पार्कमध्ये असता गाडी मुकाट आणि न्यूट्रलमध्ये घेताच सुरू, असे घडत असेल तर गिअरच्या स्विचचा दोष जवळजवळ सिद्धच झाला.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पेट घेत नाही, हा निराळा प्रकार, आणि या मालिकेत त्याची दोन स्थाने मुद्दाम सांगण्याजोगी आहेत. पहिले, अधिक दाबापासून रक्षण करणारा रिले, ज्याच्या डोक्यावर 10 अँपिअरचा फ्यूज असतो आणि जो पुष्कळ पेट्रोल नमुन्यांत बॅटरीच्या मागील पडद्याआड बसवलेला असतो. इंधन सोडणाऱ्या नियंत्रकाला वीज यातूनच मिळते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याच्या आतील डाक पिनेभोवती वर्तुळाकार तडकते. भिंगातून पाहिल्यास केसाएवढी काळी रेघ दिसते, आणि गार असताना जोडलेली ती पिन तापताच सुटते. ब्रेकवरील एबीएसचा दिवा त्याच वेळी विनाकारण लागलेला असला तर संशयास बळकटी येते, कारण त्या यंत्रणेलाही वीज येथूनच जाते. दुसरे स्थान फ्यूजच्या पेटीतच. या गाडीतील फ्यूज चिनीमातीच्या लहान नळीवर धातूची पट्टी चढवलेले, दोन्ही टोकांस निमुळते असतात. पट्टी तुटलेली नसते, फ्यूज डोळ्यांना साबूत दिसतो, पण टोकांवर पांढुरका गंज धरून वीज अडते. प्रत्येक फ्यूज जागच्या जागी बोटाने दोनचार वेळा फिरवावा. कित्येक गाड्या एवढ्यानेच सुरू झालेल्या आहेत. पेट्रोल गाड्यांपैकी 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धातील पुष्कळांत इंजिनवरील तारांचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडते, हा कारखान्याच्या निवडीचा दोष आहे आणि त्यावर टेप गुंडाळणे हा उपाय नव्हे. तो संपूर्ण जुडगाच बदलावा लागतो. गाडी चांगली आहे म्हणून तिचा हा दोष झाकण्यात अर्थ नाही.

रात्रभर उभी राहून बॅटरी बसत असेल तर चोर निराळा. अर्धा अँपिअर जरी अखंड झिरपत राहिला तरी साठ अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत रिकामी होते. ऋण तार सोडवून मध्ये मीटर जोडावा, दारे लावून काही वेळ थांबावे, आणि मग फ्यूज एकेक काढीत जावे. डिकीतील दिवा आणि विजेवर वरखाली होणारा अँटेना हे नेहमीचे संशयित.

या पिढीच्या गाड्यांनंतर महागड्या मोटारींत डझनावारी संगणक एकमेकांशी बोलू लागले, आणि निदानाचा अधिकार हळूहळू कंपनीच्या यंत्राकडे गेला. डब्ल्यू 124 मध्ये तो अजून नाक्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे आहे, जर त्याच्यापाशी नकाशा, टेस्ट लॅम्प आणि धीर असेल तर; आणि असे कारागीर आपल्या शहरांत आहेत, त्यांना त्यांच्या वेळेचे मोल मात्र मिळत नाही, कारण गिऱ्हाईक नव्या भागाचे पैसे बिनतक्रार देते आणि दोन तासांच्या शोधाचे देताना कां-कूं करते. ज्यांच्या दारात अशी गाडी उभी असेल त्यांना माझी विनंती इतकीच आहे: वायरिंगचा नकाशा छापून गाडीत ठेवा, किल्ली फिरवल्यावर नेमके काय ऐकू आले, दिव्यांचे काय झाले, इंजिन गार होते की तापलेले, हे लिहून कारागिराच्या हाती द्या, कोणालाही तार कापून बाहेरून नवी जोडू देऊ नका, आणि सेल्फ बदलायला सांगितले तर आधी विचारा की सेल्फ मारीत असताना त्याच्या बोल्टवर किती व्होल्ट मिळाले. आकडा सांगणाऱ्याला त्याची मजुरी पूर्ण द्या.