इमारत तिघांची, नाव एकाचं

मुंबई सेंट्रलला कधी उतरलात तर घाई करू नका. बाहेर येऊन एकदा मागे वळून बघा. १९३० साली सुरू झालेलं हे स्टेशन क्लॉड बॅटले यांनी डिझाइन केलं, असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मलबार हिलवरचं जिना हाउसही त्यांचंच (१९३६). पण ऑफिसच्या दारावर नावं तीन होती : ग्रेगसन, बॅटले अँड किंग.

या ब्रिटिश फर्मवर अभ्यास करायचा म्हटलं की पहिला पेच हाच पडतो. काम फर्मचं, मग कौतुक एकाचंच का? कारण सोपं आहे. बॅटले लिहायचे, बोलायचे आणि १९२३ ते १९४३ जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आर्किटेक्चरचे प्रमुखही होते. ज्याचं छापून आलं, तो उरला. टेबलावर वाकून नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन तर शोधूनही हाती लागत नाहीत.

गंमत म्हणजे याच बॅटलेंनी विद्यार्थ्यांना टेप देऊन जुन्या देशी इमारतींकडे पिटाळलं. मोजा, कागदावर उतरवा! त्या नकाशांचं पुस्तक १९३४ मध्ये आलं. मला विचाराल तर स्टेशनपेक्षा हे काम मोठं.

तुम्ही म्हणाल, झरी जामणीत बसून आम्ही याचं काय करू? अहो, टेप तर मुकुटबनच्या हार्डवेअरमध्येही मिळतो. आपल्याकडच्या कोलाम पोडावर कुडाच्या भिंतींची, कवेलूची घरं अजून दिसतात. घरकुल मंजूर झालं की जुनं घर पडतं. त्यात वाईट काही नाही, पावसात गळणाऱ्या छपराखाली कुणी का राहावं? पण पडलेल्या घराचा एक साधा नकाशाही मागे राहत नाही.

एका रविवारी दोघं-तिघं जा. आधी घरच्यांना विचारा, नाही म्हणाले तर परत या. हो म्हणाले तर दाराची उंची, भिंतीची जाडी, चूल कुठे, चावडी किती पावलांवर, सगळं वहीत घ्या. कूड कुणी विणला, माती कुणी लिंपली, हेही विचारा. घरच्यांची हरकत नसेल तर नकाशाच्या कोपऱ्यात तुमच्या नावाआधी त्यांची नावं लिहा, सगळ्यांची.