चिंचोक्यांचे गणित

घरी पाहुणे आले की चार वर्षांच्या मुलाला आपण पुढे करतो आणि ‘शंभरापर्यंत म्हणून दाखव’ असे सांगतो. मूल घडाघडा म्हणते. पाहुणे कौतुक करतात. पण त्याच मुलाला ‘सात चिंचोके आण पाहू’ म्हटले, तर ते पुष्कळदा गोंधळते. त्याचे शब्द पाठ झालेले असतात, संख्या कळलेली नसते. पुढे तेच मूल गणिताला भिऊ लागले म्हणजे आपण त्याच्या बुद्धीला बोल लावतो. आम्हांस वाटते, चूक आरंभातच झालेली असते.

गणिताचा एक आरंभ क्रम ओळखण्यात आहे. एक पान, दोन खडे, पुन्हा एक पान, दोन खडे अशी ओळ मांडावी आणि विचारावे, ‘आता पुढे काय?’ उत्तर बरोबर आले तरी तेथे थांबू नये. ‘कशावरून?’ असेही विचारावे. ओळीतला कोणता तुकडा फिरून फिरून येतो, हे मुलाने बोटाने दाखविले म्हणजे त्याला नियम सापडला. मग तोच नियम हातांनी वाजवावा: एक टाळी, मांडीवर दोन थापा. वस्तू बदलल्या तरी नियम तोच राहतो हे ज्याला उमगले, तो बीजगणिताच्या उंबरठ्याशी आला.

मूल चुकले तर लगेच टोकू नये. ओळ पहिल्यापासून मोठ्याने म्हणावयास सांगावे. ताल जेथे अडखळेल तेथे चूक त्याची त्यालाच सापडते.

याकरिता महागडी साधने नकोत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व १९५७ साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तेथे पाने, खडे, शिंपले, बिया हीच मुलांची साधने झाली.

बियांचाच एक खेळ सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी सांगतो. एक चिंचोका ठेवावा. त्याच्या उजवीकडे व खाली काटकोनात तीन लावले की चारांचा चौरस होतो. आणखी पाच लावले की नवांचा. पुढच्या खेपेस किती लागतील? सात. दर खेपेस दोनच का वाढतात? कारण काटकोनाच्या दोन्ही भुजा एकेकाने लांबतात. हे मुलाने स्वतः मांडून पाहिले, तर विषम संख्यांची ही गंमत ते सहसा विसरणार नाही.

तेव्हा अंगणात रांगोळीचे ठिपके काढताना मुलाला ‘बाजूला हो’ म्हणू नये. त्याला शेजारी बसवावे, आणि पुढचा ठिपका त्याला देऊ द्यावा.