क्लच : वायरचा की तेलाचा?

हुमनाबादहून कलबुर्गीकडे निघालेल्या जुन्या बुलेटची क्लच वायर आडरानात तुटली, तर स्वाराचा दिवस बुडतो. तथापि वायर बहुधा आधी सूचना देते : लिव्हर जड होते, टोकाशी तारा उसवू लागतात. नवी वायर रस्त्याच्या कडेलाही बसविता येते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये वायरचे काम नळीतील द्रवाचा दाब करतो. घर्षण कमी होते, आणि प्लेटा झिजल्या तरी लिव्हरची ढिलाई सहसा आपोआप जुळते. परंतु हा द्रव हवेतील ओलावा शोषतो. तो ठराविक मुदतीने बदलावा लागतो. रबरी सील गळून हवा शिरल्यास लिव्हर पोकळ होते, आणि मग कारागीरच गाठावा लागतो.

सुखासाठी तेल बरे. पण लांबच्या वाटेवर वंगण दिलेली वायर आणि जवळ एक जादा वायर, हाच खरा भरवसा होय.